देवक आणि वावर : प्रस्तावना

विदर्भात रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या ट्रॅक्टरच्या मागे, मोटारसायकलच्या नंबरप्लेटच्या वर किंवा घराच्या चौकटीवर ‘जय सेवा’ लिहिलेले असते आणि त्याच्या शेजारी ७५० हा आकडा असतो. ज्याला ठाऊक नाही तो हा आकडा गाडीचा नंबर समजून पुढे जातो. गोंड माणसाला मात्र त्यात आपले कूळ दिसते. कोयापुनेम हा गोंडांचा धर्म मानणारे लोक सांगतात, की त्यांचे आद्य गुरू पहांदी पारी कुपार लिंगो यांनी समाजाची ७५० कुळांत मांडणी केली आणि प्रत्येक कुळाकडे एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड सांभाळायला दिले. म्हणजे २,२५० जीव. ज्याचे झाड त्याने ते तोडायचे नाही, ज्याचा प्राणी त्याने तो मारायचा नाही. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी आयुष्यभर हा विचार लिहून काढला आणि आज तो गावोगावी बोलला जातो. हे पुस्तक त्या आकड्यापाठीमागच्या जिवांविषयी आहे. त्यांची चित्रे कागदावर कशी चिकटवावीत, आणि त्याच्याही आधी कोणी, कोणाला विचारून चिकटवावीत, हे त्यात सांगितले आहे.

कुळाचे असे चिन्ह फक्त आदिवासींकडे असते, हा समज आधी बाजूला ठेवू. मराठी घरात लग्नाच्या आधी देवक बसवतात. कदमांचे देवक कळंब, शिंद्यांचे समुद्रवेल; कोणाचे पंचपल्लव, कोणाचे मोराचे पीस, कोणाचे शंख. एकच देवक असलेल्या दोन घरांत सोयरीक होत नाही, कारण ते भाऊ ठरतात. आज बहुतेक घरांत देवक म्हणजे गुरुजींनी आणायला सांगितलेल्या पाच झाडांच्या डहाळ्या, एवढेच उरले आहे. ते झाड गावात कुठे उभे आहे, त्याला कोण पाणी घालते, हे घरच्यांना माहीत नसते. तरी धागा तुटलेला नाही. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरच्या शाळेत एका बाकावर मडावी, टेकाम, कदम आणि शिंदे आडनावांची मुले बसली असतील, तर या पुस्तकातला पहिला पाठ त्या चौघांसाठी सारखाच आहे : घरी जाऊन आजीला विचारा, आपले झाड कोणते?

आता चिकटचित्राविषयी, म्हणजे कोलाजविषयी. युरोपात १९१२ साली पिकासो आणि ब्राक यांनी वर्तमानपत्राचे तुकडे, वॉलपेपर, मेणकापड चित्रात चिकटवले आणि कोलाज हा कलाप्रकार नावारूपाला आला, असे कलेच्या पुस्तकात लिहिलेले असते. ते खरे आहे, पण आपल्या कामाला त्याचा फारसा उपयोग नाही. आपल्याला उपयोगी पडणारे कोलाज ऑस्ट्रेलियात, कलादालनाच्या बाहेर, एका अर्जाच्या रूपाने जन्माला आले. त्याची हकिगत मी सविस्तर सांगणार आहे, कारण या पुस्तकाला जे म्हणायचे आहे ते सगळे त्या एका वस्तूत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमध्ये, यिरकाला नावाची वस्ती आहे. तिथे योल्ङु लोक राहतात. त्यांच्या जमिनीत बॉक्साइट सापडले आणि १९६३ साली सरकारने त्यांना न विचारता ३०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन खाणीसाठी वेगळी काढली. योल्ङु थोरांनी संसदेला अर्ज लिहायचे ठरवले. अर्ज टाइप केला, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीतही. मग त्यांनी जे केले ते आधी कोणी केले नव्हते. युकॅलिप्टस झाडांच्या साली सोलून, तापवून, सपाट केल्या. प्रत्येक सालीच्या मधोमध टाइप केलेला कागद चिकटवला आणि भोवती गेरू, पांढरी माती, कोळसा यांच्या रंगांनी आपापल्या कुळांच्या आकृत्या रंगवल्या. योल्ङु समाजाचे दोन अर्धे भाग आहेत, धुवा आणि यिरित्जा. माणसे, प्राणी, झाडे, पाण्याचे झरे, सगळे या दोहोंपैकी एकात मोडते, आणि लग्न दुसऱ्या भागात करायचे असते. एका सालीवर धुवाच्या आकृत्या होत्या, दुसरीवर यिरित्जाच्या.

ती चौकट शोभेची नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवे. योल्ङु माणसाच्या लेखी कुळाची आकृती काढण्याचा हक्क आणि त्या जमिनीवरचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्याला ती रेघ काढता येते त्याची ती जमीन. आणि त्याने ती सांभाळायची. म्हणजे मधला कागद इंग्रजांच्या कायद्याचा आणि भोवतालची चौकट योल्ङु कायद्याची, असे ते दोन दस्तऐवज एकाच सालीवर आणून ठेवले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये पहिला अर्ज संसदेत मांडला गेला. सह्यांबद्दल शंका घेतली गेली, तेव्हा त्याच महिन्यात दुसरा अर्ज आला, अंगठ्यांच्या ठशांसह. समिती नेमली गेली, तिने नुकसानभरपाई आणि पवित्र जागांच्या रक्षणाची शिफारस केली, आणि खाण झालीच. १९७१ मध्ये न्यायालयातही योल्ङु हरले. पण त्या पराभवातूनच पुढे १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा आदिवासी जमीन हक्क कायदा आला, आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच भागातल्या गुमात्ज कुळाच्या भरपाईच्या दाव्यात त्यांच्या बाजूने कौल दिला. ते सालीवरचे अर्ज आज कॅनबेराच्या संसद भवनात मांडलेले आहेत.

हा अर्ज बघून मला आपल्या वर्धा जिल्ह्याची आठवण येते, ती साम्य शोधायच्या हौसेने नव्हे. गोंडांची मांडणी योल्ङुंच्या दोन भागांसारखीच काटेकोर आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा सगा असतात. एका सगाची सगळी आडनावे एकमेकांची भाऊबंद. सोयरीक दुसऱ्या सगात. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जमातींवर जे मोठे काम छापले, त्यात चांदा भागातल्या नोंदी आहेत : सात देव पुजणाऱ्यांना साळींदर पवित्र, सहावाल्यांना वाघ, पाचवाल्यांना सारस, चारवाल्यांना कासव. आडनावांतही झाडे उभी आहेत. टेकाममध्ये साग आहे, मरकाममध्ये आंबा. गावागावाप्रमाणे या याद्या बदलतात, म्हणून छापील यादी अंतिम मानू नये. घरचे सांगतील ते खरे.

आता ही यादी हातात धरून समुद्रपूर तालुक्यात उभे राहून बघा. एकेकाळी देवगड आणि चांद्याच्या गोंड राजांच्या अमलाखाली असलेला हा मुलूख. १८६२ मध्ये नागपूरमधून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला, कापसाचा जिल्हा म्हणून. काळ्या मातीत जंगल टिकले नाही; ते गिरडच्या टेकड्यांच्या बाजूला सरकले. ज्यांच्या कुळाकडे साग होता ते आज दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतात. वाघ मात्र आहे. बोर, ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्या मधल्या पट्ट्यात हा तालुका येतो आणि गिरडकडच्या गावांत वाघाची बातमी नवी नसते. जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला वाघ म्हणजे भीती. त्याच गावातल्या सहा देवे घरात तो कुळाचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि चित्रात दोन्ही याव्यात असे मला मनापासून वाटते. वाघाला नुसता देव करून टाकले तर ज्याचे जनावर गेले त्याच्यावर अन्याय होईल.

साळींदर रात्री अजून फिरते, धुऱ्यावर तिचा काटा सापडतो. सारसाचे काय? महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांकाठी काही डझन उरले आहेत. म्हणजे इथल्या पाच देवे घरातल्या मुलाने आपला पक्षी कधी पाहिलेला नसतो. त्याने सारस काढायचा तर कशावरून काढायचा? मोबाइलवरच्या फोटोवरून काढता येईल, चुकीचे काही नाही. पण या पुस्तकात आम्ही दुसरी वाट सुचवली आहे : तो पक्षी कापून चिकटवू नका, त्याच्या आकाराची जागा कागदात मोकळी ठेवा आणि भोवती जे आहे ते चिकटवा. तुमच्या गावात तळे उरले असेल तर तळ्याचा गाळ, नसेल तर तुरीचे काड. मोकळी जागा बघणाऱ्याला प्रश्न पडेल, आणि उत्तर त्या मुलाकडे असेल.

इथे एक आक्षेप येतो, तो रास्त आहे. गोंडांच्या देवाला चित्र असते का? मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात वर्धा-पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून जे लिहिले त्यात पेरसापेनचे, म्हणजे कुळाच्या थोर देवाचे, वर्णन आहे : भाल्याचे लोखंडी पाते, चवरी, आणि अशाच काही वस्तू. एरवी त्या राखून ठेवलेल्या असतात. ठरलेल्या वेळी कटोडा, म्हणजे कुळाचा पुजारी, त्या बाहेर काढतो, एकत्र मांडतो, विधी होतो, आणि पुन्हा त्या आपल्या जागी जातात. मूर्ती नाही, चेहरा नाही. देव म्हणजे एकत्र आणलेल्या वस्तूंची जुळणी. मला यात चिकटचित्राशी खरे नाते दिसते, कारण कोलाजमध्येही वस्तू कशाची नक्कल करत नाही, ती स्वतःच तिथे येऊन बसते. सागाचे पान हे सागाचे चित्र नसते, तो साग असतो. पण याच कारणाने मर्यादाही पाळायला हवी. पेनच्या वस्तू चित्रात आणायच्या नाहीत, त्यांचे फोटो कापून वापरायचे नाहीत. त्या ज्यांच्या आहेत त्यांच्याकडे राहू द्या.

कूळ आणि जमीन यांची गाठ अजून किती घट्ट आहे हे पाहायचे असेल तर पुष्य अमावास्येला तेलंगणातल्या केसलापूरला जावे. इंद्रवेल्लीजवळचे हे गाव मेसराम कुळाच्या नागोबाचे. यवतमाळ-चंद्रपूरकडचीही मेसराम घरे तिथे पोचतात. जत्रेच्या आधी कुळातले लोक अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्याच पाण्याने पूजा होते. लग्न होऊन घरात आलेल्या सुना, पांढरी लुगडी नेसून, याच जत्रेत नागोबाला भेटतात; त्या भेटीनंतर त्या कुळाच्या होतात. एका कुळाला आपली जमीन दरवर्षी पायांनी मोजावी लागते, हे मला त्या यात्रेचे सार वाटते. नकाशात रेघ असते. इथे वाट असते, मुक्कामाची झाडे असतात, पाण्याची जागा असते. मेसराम घरातल्या मुलीने चिकटचित्र केले तर तिने साप काढण्याआधी ती वाट काढावी.

आता शाळेच्या भिंतींविषयी थोडे कडक बोलावे लागेल. विदर्भातल्या कितीतरी शाळांच्या आवारभिंतींवर पांढऱ्या त्रिकोणी माणसांची रांग नाचत असते. ती वारली चित्रे आहेत. ती डहाणू-तलासरीच्या वारली बायकांनी लग्नाच्या चौकासाठी घराच्या भिंतीवर काढलेल्या आकृत्यांतून आली, जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. फार मोठी कला. पण समुद्रपूरच्या भिंतीवर ती का? दुसरीकडे, ‘गोंड कला’ म्हणून जे ठिपक्यारेघांचे हरीण-मोर आपण कॅलेंडरवर बघतो ते दिंडोरीच्या पाटणगढचे आहेत. जनगढ सिंह श्याम या परधान घरातल्या तरुणाला चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले आणि त्याने बाना हे वाद्य वाजवून सांगितल्या जाणाऱ्या कथा कागदावर उतरवल्या. २००१ मध्ये जपानमध्ये जनगढ यांचा अकाली मृत्यू झाला. त्यांच्या नातलगांनी आणि गावाने ती शैली पुढे नेली. ती त्यांची आहे. वर्ध्याच्या गोंड मुलाने ती उचलून ‘आमची परंपरा’ म्हणावे, हे मला पटत नाही. त्यापेक्षा त्याच्या आजीच्या घरातली पांढऱ्या मातीने पोतारलेली भिंत त्याच्या जास्त जवळची आहे.

चिन्ह कोणाचे, हा प्रश्न किती खोल जातो याचे एक उदाहरण पुन्हा ऑस्ट्रेलियाचे. १९६६ साली तिथे नवे दशमान चलन आले. एक डॉलरच्या नोटेवर सालीवरच्या एका चित्राची आकृती छापली गेली. ती डेव्हिड मलांगी या चित्रकाराची, त्यांच्या कुळाच्या पूर्वजाच्या अंत्यविधीची. नोट देशभर खिशाखिशांत पोचली, पण मलांगींना कोणी विचारले नव्हते. चूक लक्षात आल्यावर त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य देण्यात आले. रक्कम कमी होती की पुरेशी, हा भाग वेगळा. विचारणे राहून गेले, ते नंतर भरून कसे निघणार?

म्हणून या पुस्तकात साहित्याची यादी समुद्रपूरपासून सुरू होते. पिवळ्या रंगासाठी वायगावची हळद आहे. तिला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती या मातीची आहे हे सरकारदरबारीही मान्य आहे. काळ्यासाठी वावरातली माती, चाळून, डिंकाच्या पाण्यात कालवून. ही माती वाळल्यावर तडकते. थर पातळ द्यावा, आणि तडकलीच तर तशीच ठेवावी, कारण उन्हाळ्यात वावरही तडकलेलेच असते. लालासाठी गेरू. पांढऱ्यासाठी सरकी काढलेला कापूस. तो दाट चिकटवला की ढग वाटतो आणि ताणून विरळ चिकटवला की धुके. पळसाचे पान पोळ्याला दाराशी खोवलेल्या मेढ्यांतले घेऊ नये, कारण ते दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर शिवेबाहेर न्यायचे असते. रानातून वेगळे आणावे. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात गोल, सुपारी-नारळाएवढे दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे ते दगड झाले, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट म्हणतात. ते फार सुंदर दिसतात आणि मुलांना ते चित्रात हवेसे वाटतील. पण भाविक ते श्रद्धेने घरी नेतात. ते चित्रासाठी उचलू नयेत.

कागद हा तर वर्ध्याचा अभिमानाचा विषय. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, मगनवाडीत त्याचे काम चालले, जे. सी. कुमारप्पा त्याचे प्राण होते, आणि तिथल्या उद्योगांत हातकागद होता. १९३८ च्या डिसेंबरअखेर मगन संग्रहालय उघडले, ते आजही आहे. हातकागदाला खडबडीत अंग असते, त्यावर पान आणि धागा धरून राहतो. गुळगुळीत कार्डशीटवर दोन महिन्यांत सुटतो. सेवाग्रामला बापूकुटीत गेलात तर मीराबेनने मातीच्या भिंतीवर उठावात केलेली झाडे आणि मोर जरूर पाहा. ते देवक नाहीत. पण भिंतीच्याच मातीतून झाड कसे उभे राहते हे शिकायला त्याहून चांगली जागा जिल्ह्यात नाही.

अशा चित्रांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पालकांना गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे नाव सांगावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा आणि त्यांची ग्रामसभा यांनी त्याआधी कितीतरी वर्षे बसून अभ्यास केला होता. या कायद्याखाली दावा करताना गावकरी नजरी नकाशा काढतात : कुठे मोह, कुठे तेंदू, कुठे देवाचे ठाणे, कुठे गुरे चारायची वाट. तलाठ्याकडच्या नकाशात यातले काही नसते. ज्या मुलाने आठवीत आपल्या गावशिवाराचे चिकटचित्र केले आहे, कोणते झाड कोणाचे हे थोरांना विचारून त्यात बसवले आहे, त्याला मोठेपणी ग्रामसभेत असा नकाशा काढायला बाहेरचा माणूस लागणार नाही. कलेकडून इतक्या थेट कामाची अपेक्षा ठेवू नये असे म्हणणारे आहेत. यिरकालाच्या थोरांनी ती ठेवली होती, आणि त्यांनी कलेत काही कमी केले नाही.

पुढची प्रकरणे झाडे, प्राणी, वाटा आणि पाणी अशा क्रमाने आहेत. झाडे आधी घेतली, कारण ती विचारायला सोपी पडतात. पाणी शेवटी, कारण पोथरा आणि वणा या नद्यांच्या काठच्या गावांत धरणाआधीची आणि नंतरची आठवण सांगणारी माणसे वेगवेगळी आहेत आणि त्यांना शोधायला वेळ लागतो. चित्र झाले की ते वर्गात लावण्याआधी त्या कुळातल्या थोरांना दाखवावे. एखादा तुकडा पाहून त्यांनी ‘हा इथे नको’ म्हटले, तर कारण विचारावे, पण वाद घालू नये, तुकडा काढावा. याच एका कारणासाठी या पुस्तकात फेव्हिकॉल कुठेही सांगितलेला नाही. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ वापरायची. ओल्या फडक्याने दाबून थोडा वेळ ठेवले की तिने चिकटवलेला कागद न फाटता सुटतो.